लंडी खाना नावाचे स्टेशन

१० डिसेंबर १९७१ या एकाच दिवसाविषयी आजचा धागा आहे. त्या दिवशी पडलेल्या भारतीय विमानांपैकी दोहोंची गोष्ट सांगायची आहे. एक अरबी समुद्रावर पडले, दुसरे पाकिस्तानच्या पंजाबात झफरवालजवळ. पहिल्यातील माणसांचा आजवर पत्ता नाही. दुसऱ्यातील माणूस एका वर्षाने वाघा सीमेवरून चालत परत आला आणि पुढे पुण्यात पुष्कळ वर्षे जगला. धागा लांब आहे. मध्येच माझ्या घरातल्या काही गोष्टी येतील, त्यांना इलाज नाही.

मी पूर्णेचा. परभणी जिल्ह्यातील पूर्णा म्हणजे रेल्वेचे गाव. समुद्र आमच्यापासून पाचशे किलोमीटर दूर, विमान दिसायचे ते आकाशातल्या पांढऱ्या रेघेपुरते. आमचे अण्णा मीटरगेजवर सहायक स्टेशन मास्तर होते. १९७१ साली मी नऊ वर्षांचा होतो. युद्धाच्या त्या चौदा दिवसांत कॉलनीतल्या एकमेव मोठ्या रेडिओभोवती माणसे जमत आणि आकडे ऐकत : इतकी त्यांची विमाने पाडली, इतकी आपली परतली नाहीत. ‘परतली नाहीत’ या दोन शब्दांत काय काय मावते, याचा विचार तेव्हा कोणी केला नसावा. अण्णांनी केला असेल. का, ते पुढे येईलच.

आधी समुद्रावरचे विमान.

९ डिसेंबरच्या रात्री दीवच्या किनाऱ्यापलीकडे ‘खुक्री’ ही आपली युद्धनौका ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली. दुसऱ्या दिवशी, १० तारखेला, नौदलाचे एक ‘अलिझे’ विमान अरबी समुद्रावर होते. अलिझे म्हणजे फ्रेंच बनावटीचे, एका पंख्याचे, तीन माणसांचे विमान. पाणबुड्या हुडकणे आणि समुद्रावर टेहळणी करणे हे त्याचे काम. त्यासाठी ते सावकाश आणि दीर्घकाळ उडते. त्याच्यासमोर आले ते पाकिस्तानी हवाई दलाचे स्टारफायटर, ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे. ही लढत नव्हतीच. अलिझेत लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय, लेफ्टनंट सिरोही आणि विजयन हे तिघे होते. विमान पडले. समुद्राने त्यावर खूण ठेवली नाही. पुढे युद्धकैदी म्हणून पाकिस्तानात असल्याचे मानल्या गेलेल्या, पण न परतलेल्या चोपन्न भारतीय सैनिकांची जी यादी सर्वांच्या तोंडी झाली, तिच्यात नौदलाचे हे वैमानिक अशोक रॉय यांचे नाव आहे.

त्याच दिवशी फ्लाइट लेफ्टनंट दिलीप कमलाकर पारुळकर यांचे सुखोई-७ झफरवालजवळ विमानभेदी तोफांनी टिपले. पारुळकर तोवर एक युद्ध पाहून झाले होते. १९६५ साली हंटर विमान उडवत असताना त्यांना गोळी लागली. विमान सोडून उडी घेण्याचा सल्ला मिळूनही त्यांनी ते तळावर आणून उतरवले होते आणि त्यासाठी त्यांना वायुसेना पदक मिळाले होते. आपल्या वरिष्ठांना त्यांनी फार आधीच सांगून ठेवले होते, की पकडलो गेलो तर छावणीत बसून राहणार नाही. तरुणपणी पुष्कळ जण पुष्कळ काही बोलतात. पारुळकरांनी ते लक्षात ठेवले, इतकाच फरक.

छत्रीने उतरल्यावर गावकऱ्यांनी त्यांना बडवले, मग सैन्याने ताब्यात घेतले आणि अखेर ते रावळपिंडीच्या हवाई दलाच्या कैद्यांसाठीच्या छावणीत आले. तेथे हळूहळू बारा भारतीय वैमानिक गोळा झाले. सर्वांत ज्येष्ठ विंग कमांडर कोएलो. ए. व्ही. कामत होते, त्यांचे पाय प्लास्टरमध्ये. पेठिया होते, जफा होते. जफांनी पुढे या कैदेवर पुस्तक लिहिले. आरंभी प्रत्येक जण एकेकट्या कोठडीत होता. २५ डिसेंबरला छावणीचे प्रमुख उस्मान यांनी केक आणवला आणि नाताळाच्या निमित्ताने या बाराही जणांना पहिल्यांदा एकत्र बसवले. हे उस्मान नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

येथे थोडा कायदा सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराप्रमाणे कैदी छावणीत पोहोचल्यापासून आठवड्याच्या आत त्याला घरी एक कार्ड लिहू द्यावे लागते : मी पकडला गेलो आहे, प्रकृती अमुक, पत्ता तमुक. त्याला दरमहा आगाऊ पगार द्यावा लागतो. मेजरहून खालच्या अधिकाऱ्यास पन्नास स्विस फ्रँक, म्हणजे त्या वेळचे सत्तावन्न पाकिस्तानी रुपये. आणि कैदी पळाला व सापडला, तर तो गुन्हेगार ठरत नाही. फक्त शिस्तभंगाची शिक्षा होते, तीही तीस दिवसांपेक्षा अधिक नाही. पळू पाहणे हा सैनिकाचा स्वभावधर्म आहे, हे कराराने जणू मान्यच केले आहे. मला हे कलम जगातल्या सर्वांत समंजस कायद्यांपैकी एक वाटते.

मात्र या साऱ्याची सुरुवात त्या कार्डापासून होते. कार्ड गेले, रेडक्रॉसच्या यादीत नाव चढले, की तो माणूस ‘कैदी’ झाला. त्याच्या जिवाची जबाबदारी एका सरकारवर आली. कार्ड गेले नाही, तर तो काहीच नाही.

जुलै १९७२ मध्ये सिमला करार झाला, पण कैद्यांचा प्रश्न सुटला नाही. भारताच्या ताब्यात त्र्याण्णव हजार, पाकिस्तानच्या ताब्यात काहीशे. किती दिवस राहावे लागेल याचा कोणालाच अंदाज नव्हता. पारुळकरांनी ठरवले. सोबतीला एम. एस. ग्रेवाल आणि हरीश सिंहजी. दिशा पूर्वेची नव्हे, कारण भारताची सीमा जवळ असली तरी युद्धानंतर ती सैन्याने भरलेली होती. दिशा पश्चिमेची : पेशावर, खैबर खिंड, अफगाणिस्तान.

पाच नंबरच्या कोठडीची भिंत दीड फूट जाडीची होती. चाकू, कात्री, स्क्रू-ड्रायव्हर यांनी ती आतून कोरायची, विटा रात्री सैल करायच्या, सकाळी पुन्हा बसवायच्या. सत्तावन्न रुपयांतून वाचवलेले पैसे प्रवासखर्चाला. शिवणकामाच्या सुया ट्रान्झिस्टरच्या बॅटरीने चुंबकित करून, कपड्यांच्या टिचबटनावर तोलून, पेनमध्ये दडेल असा कंपास केला. वैमानिकाच्या पोशाखातल्या रबरी पिशव्यांचे पाण्याचे बुधले झाले. अंगात पठाणी सलवार-कमीज. आणि मार्ग ठरवायला छावणीतच मिळालेला एक ऑक्सफर्डचा शालेय नकाशासंग्रह. त्या नकाशात पेशावरहून निघालेली रेल्वेची रेघ खिंडीतून वर चढत लंडी कोतलला जात होती आणि तेथून पुढे, अगदी अफगाण सीमेच्या उंबऱ्यावर, शेवटचे स्टेशन होते. लंडी खाना.

१२ ऑगस्टची मध्यरात्र वादळी होती. विटा काढल्या गेल्या. तिघे बाहेर पडले. मागे राहिलेल्यांनी सकाळपर्यंत काही घडलेच नाही असे दाखवायचे होते. मला या नऊ जणांविषयी नेहमी वाटते. पळणाऱ्याला निदान पाय हलवता येतात. मागे राहणाऱ्याने पांघरूण घेऊन पडून राहायचे आणि उजाडल्यावर जो मार येईल त्याची वाट पाहायची.

तिघे पेशावरला बसने गेले. तेथून टांगा, मग काही अंतर पायी, मग पुन्हा बस. १३ ऑगस्टच्या सकाळी साडेनऊच्या सुमारास ते लंडी कोतलच्या बाजारात उभे होते. सीमा चार मैलांवर. पूर्णेहून चालत निघालेला माणूस तासाभरात जेथे पोहोचेल, तेवढीच. कॅनडियन लेखिका फेथ जॉन्स्टन यांच्या पुस्तकाच्या नावात हेच चार मैल आहेत.

आणि तेथे त्यांनी रस्ता विचारला. लंडी खान्याला कसे जायचे?

लंडी खाना नव्हतेच. म्हणजे जागा होती, स्टेशन नव्हते. खैबर रेल्वे लंडी कोतलपर्यंत १९२५ साली पोहोचली. चौतीस बोगदे, ब्याण्णव पूल आणि मोऱ्या. १९२६ साली ती लंडी खान्यापर्यंत वाढवली आणि १९३२ साली तो तुकडा बंद झाला. पुढे चाळीस वर्षे तेथे गाडी गेली नाही. पण शाळेच्या नकाशात ते छापून येत राहिले. बाजारातल्या माणसांनी हे नाव ऐकले आणि चमकून पाहिले. तहसील कचेरीतल्या एका कारकुनाला संशय आला. संशय भारतीय वैमानिकांचा नव्हता. युद्धानंतर पश्चिम पाकिस्तानात अडकलेले बंगाली याच वाटेने काबूलकडे निसटत होते. हे तिघेही तसलेच असावेत, असे त्याला वाटले.

२०१३ च्या आसपास मी ही हकिकत अण्णांना वाचून दाखवली. ते तेव्हा पंचाहत्तरीचे होते. भिंत, कंपास, पाण्याचे बुधले हे सगळे त्यांनी डोळे मिटून ऐकले. लंडी खाना आल्यावर डोळे उघडले आणि विचारले, “नकाशा कोणत्या सालचा होता?”

हा रेल्वेवाल्याचा प्रश्न. जुने वेळापत्रक म्हणजे गाडी चुकवण्याची हमी, असे ते म्हणत. कोणतेही छापील पान हातात आले की आधी त्याचे वर्ष पाहायचे, ही त्यांची शिकवण मला इतिहासाच्या वाचनात जितकी उपयोगी पडली तितकी कोणत्याही प्राध्यापकाची पडली नाही.

पण थोड्या वेळाने ते वेगळेच बोलले. “वाट विचारायला नको होती. वाट विचारली की माणूस परका ठरतो. माय आम्हाला हेच सांगायची.”

यामागची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होती, पण अण्णा स्वतःहून कधी काढत नसत. आमचे मूळ गाव हिंगोलीकडचे. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती, १९९९ साली वेगळी झाली. १९४८ साली हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात आणि पैनगंगेपलीकडचे वऱ्हाड स्वतंत्र भारतात. रझाकारांच्या धास्तीने गावेच्या गावे नदी ओलांडत होती. त्या उन्हाळ्यात, नदीला पाणी कमी असताना, माझी आजी दहा वर्षांच्या अण्णांना आणि कडेवरच्या आत्याला घेऊन रात्री निघाली. आजोबा बरोबर होते. नदीच्या काठावर आल्यावर ते बैलजोडी आणायला मागे फिरले. “तुम्ही पलीकडं व्हा, उजाडायच्या आत येतो,” असे म्हणाले. आजीने मुलांना बजावले होते, वाटेत कोणी भेटले तर बोलायचे नाही, काही विचारायचे नाही, आपण इथलेच असल्यासारखे चालायचे. ती पलीकडे पोहोचली. आजोबा आले नाहीत. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, राज्य गेले, लोक परतले. आजोबा नव्हते. प्रेतही नव्हते.

आता पुन्हा लंडी कोतलला येऊ.

तिघांनी आपण पाकिस्तानातलेच असल्याचे सांगून पाहिले. तहसीलदाराला ते पटले नाही. त्या मुलुखात परका, हेर किंवा फरारी ठरलेल्या माणसाचे काय होईल याची शाश्वती नव्हती. तेव्हा पारुळकरांनी एक फोन करू देण्याची विनंती केली. फोन छावणीचे पूर्वीचे प्रमुख उस्मान यांना. ते आता हवाई दलप्रमुखांचे एडीसी झाले होते. उस्मान यांनी तहसीलदाराला सांगितले, की ही माणसे आमची आहेत, त्यांना धक्का लावू नका.

या गोष्टीतली मला सर्वांत मोठी वाटणारी जागा हीच. भिंत फोडणे नव्हे. एका बंद पडलेल्या स्टेशनाच्या नावाने घात केला होता. एका जित्या माणसाने आपली नावे ओळखली म्हणून जीव वाचला. शत्रूच्या नोंदवहीत नाव असणे हीच त्या दिवशी या तिघांची ढाल होती.

त्यांना परत आणले. तीस दिवसांचा एकांतवास झाला. करारात लिहिला आहे तेवढाच. मग सर्वांना ल्यालपूरला, म्हणजे आजच्या फैसलाबादला हलवले. १ डिसेंबर १९७२ रोजी भारतीय कैदी वाघा ओलांडून परतले. पारुळकर पुढे ग्रुप कॅप्टन झाले, त्यांना विशिष्ट सेवा पदक मिळाले. ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.

पळायला नको होते, चारच महिने थांबले असते तर आपोआप सुटले असते, असे म्हणणारे भेटतात. चारच महिने हे आपण आज म्हणतो. ऑगस्ट ७२ मध्ये ते कॅलेंडर कोणाजवळ नव्हते.

वाघ्यावर त्या दिवशी जे परतले नाहीत, त्यांच्यातले एक मराठी नाव सांगितल्याशिवाय हा धागा पुरा होत नाही. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोटवरच्या हल्ल्यात त्यांचे सुखोई पडले. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. पत्नी दमयंती या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. त्या डिसेंबरात ढाक्याहून निघणाऱ्या एका इंग्रजी वृत्तपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांच्या बातमीत तांबे या आडनावाशी मिळतेजुळते नाव छापून आले. कुटुंबाने त्या कात्रणावर बोट ठेवले, ते उचलले नाही. १९७९ साली लोकसभेत एका प्रश्नाच्या उत्तरात पाकिस्तानच्या तुरुंगांत असल्याचे मानल्या जाणाऱ्या चाळीस जणांची नावे सरकारने दिली. ती यादी पुढे चोपन्नांवर गेली. २००७ साली चौदा नातेवाइकांना पाकिस्तानात नेऊन तुरुंग दाखवण्यात आले. कोणी सापडले नाही. पाकिस्तानने असे कैदी आपल्याकडे असल्याचे सातत्याने नाकारले आहे. दमयंती तांबे यांनी पुन्हा लग्न केले नाही.

आणि रॉय? तांब्यांचे विमान निदान जमिनीवर पडले. कोणी शेतकरी, कोणी शिपाई, कोणी कारकून तेथे असू शकतो. समुद्रात लंडी कोतल नाही. तेथे संशय घेणारा कारकूनही नाही.

भारतीय पुरावा कायद्याच्या, म्हणजे २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८७२ च्या कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे सात वर्षे ज्याची खबर त्याच्या माणसांना नाही, तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचे ओझे तसे म्हणणाऱ्यावर येत असे. धर्मशास्त्र जास्त सबुरीचे आहे, ते बारा वर्षे थांबते आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करायला सांगते. आमच्याकडे १९६० साली भाऊबंदांनी हा विषय काढला. आजी म्हणाली, “नदीवर सांगून गेलेत. पानं जाळून मी त्यांना मारू का?” ती १९८६ साली गेली, कपाळावर कुंकू होते. लहानपणी मला ते हट्टाचे वाटे. दमयंतीबाईंविषयी वाचल्यावर वाटेनासे झाले.

अण्णांना चोपन्नांची यादीही मी वाचून दाखवली होती. सगळी नावे. संपल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “ह्यांच्या घरी कार्ड नाही आलं?”

नाही, म्हटले.

अण्णा जाऊन आता सहा वर्षे झाली. त्यांच्या ट्रंकेत जुनी वेळापत्रके, विझलेला हातकंदील आणि घडीवर फाटत आलेला एक कागद मिळाला. कागद उर्दूत. आम्हा भावंडांपैकी कोणालाच वाचता येईना. अण्णांना येत होते, पण त्यांनी तो कधी दाखवला नव्हता. परभणीतल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे मी तो घेऊन गेलो. त्यांनी चष्मा पुसला, कागद खिडकीशी धरला. आजीने केलेल्या कुठल्यातरी अर्जाचे उत्तर होते. आजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, गाव, अंदाजे वय. खाली शेऱ्याच्या जागी दोनच शब्द : मफकूद-उल-खबर.

म्हणजे बेपत्ता ना, मी विचारले.

“बेपत्ता म्हणजे ज्याचा ठिकाणा नाही,” सर म्हणाले. “हे थोडं निराळं आहे. ज्याची बातमी हरवली, असा.”

मी कागद घडी करून परत वेळापत्रकांत ठेवला.